दीड तोळा शिसे

जुन्या चांदीच्या रुपयाचे वजन बरोबर एक तोळा असे आणि कंपनी सरकारने १८३३ मध्ये हा तोळा १८० ग्रेनांचा ठरवून दिला होता, ही गोष्ट सराफकट्ट्यावर वाढलेल्या पिढ्यांना मुखोद्गत होती. परंतु ज्या ग्रेनाने आपला तोळा बांधला गेला त्याच ग्रेनाने इंग्लंड-अमेरिकेतील बंदूक बनविणारे आजतागायत काडतुसातील गोळी आणि दारू तोलीत आले आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पंधरा ग्रेनांचा एक मासा आणि बारा मासे म्हणजे एक तोळा, हे कोष्टक हाताशी धरले म्हणजे एरवी परकी वाटणारी ही सृष्टी एकदम ओळखीची होऊन जाते. कोल्ट कंपनीच्या १८७३ सालच्या विख्यात रिव्हॉल्वरची २५५ ग्रेनांची गोळी एक तोळा पाच मासे भरते. इंग्रजी फौजेच्या वेब्ली रिव्हॉल्वरची २६५ ग्रेनांची गोळी जवळजवळ दीड तोळ्याला पोचते. आणि जिच्यामुळे अमेरिकेच्या युद्धखात्यात मोठा वाद माजला ती १५० ग्रेनांची लहान गोळी नेमकी दहा मासे वजनाची होती. सोनाराच्या तराजूतील एवढ्याशा फरकावर दोन बलाढ्य राष्ट्रांची लष्करी दप्तरे वर्षानुवर्षे अहवालांनी भरत राहिली, कारण तो फरक ज्याच्या कमरेला रिव्हॉल्वर लटकत होते त्या शिपायाच्या जिवाशी निगडित होता.

मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रिव्हॉल्वरसाठी काडतूस कोणते निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराने सोडवावयाचा प्रश्न वाटतो, आणि त्याचे सोपे उत्तरही लोकांच्या तोंडी असते : जे सर्वांत जबर तेच उत्तम. हे उत्तर चुकीचे आहे. काडतुसाच्या निवडीवर चौघांचा हक्क पोचतो : ज्यातून ते उडवावयाचे त्या हत्याराचा, ज्या कामासाठी ते उडवावयाचे त्या कामाचा, ज्या हाताने ते उडवावयाचे त्या हाताचा, आणि ज्या समाजात ते उडणार त्या समाजाच्या कायद्याचा व सदसद्विवेकाचा. या चौघांपैकी एकालाही वगळून केलेली निवड आज ना उद्या अंगलट येते, असे या हत्याराचा इतिहास पुन्हा पुन्हा सांगतो; आणि त्यातही हाताची उपेक्षा सर्वांत अधिक वेळा झालेली आहे.

आरंभी हत्याराची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. काडतूस चार वस्तूंचे बनलेले असते : बाहेरची पितळी नळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, पोटात दारू, आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. रिव्हॉल्वरमध्ये अशी पाच-सहा काडतुसे एका फिरत्या चक्राच्या घरांत बसतात. घोडा मागे खेचला की चक्र एका घराने फिरते, नवे काडतूस नळीच्या रेषेत येते, आणि चाप ओढताच घोडा टोपीवर आदळतो. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात एक गोळी सुटली म्हणजे तिच्याच धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व दुसरे आत येते, म्हणून त्या हत्याराला ठराविक जोराचेच काडतूस लागते. मंद काडतूस दिले तर यंत्र अडते. रिव्हॉल्वरचे चक्र मात्र माणसाच्या बोटांच्या बळावर फिरते, आणि त्यामुळे ते सौम्य काडतूसही स्वीकारते आणि जहालही. निवडीचे हे स्वातंत्र्य रिव्हॉल्वरचे मोठे वैभव आहे, आणि जेथे स्वातंत्र्य आहे तेथेच चुकीला वाव असतो.

ही चूक या हत्याराच्या बाल्यावस्थेतच घडली. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या फिरत्या चक्राचे पेटंट घेतले, आणि पुढे १८४७ मध्ये, मेक्सिकोशी युद्ध चालू असता, टेक्सासच्या रेंजर दलातील कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सूचनांवरून त्याने .४४ बोअरचे एक अवाढव्य रिव्हॉल्वर तयार केले. त्याचे वजन सुमारे दोन किलो होते, आणि त्याच्या प्रत्येक घरात ६० ग्रेन, म्हणजे चार मासे, काळी दारू मावत असे. त्या काळी पितळी काडतूस रूढ झालेले नव्हते. दारू आणि गोळी सुटीच घरात ठासावयाची, त्यामुळे किती दारू भरावी हे शिपायाच्या मर्जीवर राही, आणि मर्जीचा कल नेहमी अधिकाकडे असतो. त्या काळचे लोखंड एवढा दाब सोसण्याइतके भरवशाचे नव्हते. कित्येक रिव्हॉल्वरांची चक्रे फुटली. लगेच पुढल्या वर्षी निघालेल्या ड्रॅगून नमुन्यात कोल्टने घरे आखूड करून दारूचे माप सुमारे ५० ग्रेनांवर आणले. जोर वाढविण्याच्या भरात हत्याराची सहनशक्ती विसरता येत नाही, हा पहिला धडा असा धातूच्या ठिकऱ्यांनी शिकविला.

दुसरा धडा रसदखात्याकडून मिळाला. अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये कोल्टचे .४५ रिव्हॉल्वर स्वीकारले, तेव्हा त्याच्या मूळ काडतुसात ४० ग्रेन काळी दारू होती. घोडदळातील सामान्य स्वाराला हा धक्का अवजड जातो असे दिसल्यावर लष्कराने आपल्या काडतुसातील दारू सुमारे ३० ग्रेनांपर्यंत उतरविली. एवढ्यात मेजर जॉर्ज स्कोफिल्ड या अधिकाऱ्याने सुधारलेले स्मिथ अँड वेसन कंपनीचे दुसरे रिव्हॉल्वर १८७५ मध्ये फौजेत दाखल झाले; तेही .४५ बोअरचेच, परंतु त्याचे चक्र आखूड असल्यामुळे कोल्टचे लांब काडतूस त्यात मावेना. नाव एक, बोअर एक, आणि तरीही एका पलटणीची काडतुसे दुसरीच्या कमरेला निरुपयोगी, असा प्रसंग ओढवला असता; तो टाळण्यासाठी फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड येथील सरकारी कारखान्याने दोन्ही रिव्हॉल्वरांत चालेल असे आखूड काडतूस काढले. त्यात शिपायाला मिळणारा जोर कमी झाला खरा, पण कोठारातून निघालेली कोणतीही पेटी कोणत्याही स्वाराच्या उपयोगी पडेल, ही निश्चिती लाभली. रणांगणावर हाताशी नसलेल्या उत्तम काडतुसापेक्षा हाताशी असलेले मध्यम काडतूस श्रेष्ठ, हे व्यवहारज्ञान त्या निर्णयात होते.

यानंतर धूर न करणारी दारू आली आणि शस्त्रविद्येचे सारे गणित पालटले. नवी दारू थोडक्या आकारमानात पुष्कळ जोर देई. रायफलींच्या नळ्या अरुंद होऊ लागल्या, गोळ्या हलक्या व वेगवान झाल्या, आणि लहान बोअर म्हणजे आधुनिकता असा समज युद्धखात्यांत पसरला. त्या हवेत अमेरिकन लष्कराने १८९२ मध्ये .४५ ला रजा देऊन .३८ बोअरचे नवे कोल्ट रिव्हॉल्वर घेतले. त्याची १५० ग्रेनांची गोळी सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने जाई. धक्का सौम्य, हत्यार सुटसुटीत, नेम सोपा. शांततेच्या काळात या निवडीला दोष देण्यासारखे कोणालाच काही दिसले नाही.

दोष दिसला तो फिलिपाइन्स बेटांत. १८९८ च्या स्पेनशी झालेल्या युद्धानंतर ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात आली, आणि मिंडानाओ व सुलू या दक्षिणेकडील बेटांतील मोरो लोकांनी आपल्या भूमीसाठी जो प्रखर लढा दिला, त्यात हातघाईचे प्रसंग वारंवार येऊ लागले. दाट झाडीतून शस्त्र उगारून अंगावर येणारा योद्धा .३८ च्या एकापेक्षा अधिक गोळ्या लागूनही थांबत नाही, अशा तक्रारी वरिष्ठांकडे जाऊ लागल्या. तेव्हा सिलेखान्यात धूळ खात पडलेली जुनी .४५ रिव्हॉल्वरे बाहेर काढून, नळ्या आखूड करून, पुन्हा शिपायांच्या हाती देण्यात आली. ‘लहान बोअरने दगा दिला, मोठ्याने तारले’ अशी ही कथा लोकप्रिय झाली आहे. परंतु न्यायबुद्धीने पाहिले तर त्याच बेटांत रायफलीची कितीतरी अधिक जोराची गोळी लागूनही चालून येणाऱ्या वीरांच्या हकीगती नोंदल्या गेल्या आहेत. मातृभूमीसाठी प्राणांवर उदार झालेल्या माणसाला थांबविणे ही गोष्ट केवळ शिशाच्या वजनावर अवलंबून नसते, एवढे तरी त्यांवरून मान्य करावे लागते.

येथे थोडे गणित करणे इष्ट आहे, कारण काडतुसांच्या जाहिराती गणिताच्याच भाषेत बोलतात. धावत्या वस्तूचा जोर मोजण्याच्या दोन रीती आहेत. वजन व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग, आणि वजनाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले म्हणजे गतिज ऊर्जा. पहिल्या मापात वजनाचा आणि वेगाचा मान सारखा. दुसऱ्यात वेगाचे पारडे फार जड. आता .३८ च्या दहा माशांच्या गोळीची ऊर्जा या हिशेबाने सुमारे २५७ जूल येते, आणि वेब्लीची जवळजवळ दीड तोळ्याची, परंतु सेकंदाला जेमतेम १८० मीटर जाणारी गोळी सुमारे २७८ जूलांवर थांबते. म्हणजे ऊर्जेच्या तराजूत दोघी जवळजवळ सारख्या. संवेगाच्या तराजूत मात्र वेब्लीची गोळी सव्वापटीहून अधिक भरते. एक पंडित ऊर्जेचा तराजू पुढे करून दोन्ही सारख्या म्हणतो, दुसरा पंडित संवेगाचा तराजू पुढे करून जड गोळीचा कैवार घेतो, आणि दोघांचेही गणित अचूक असते. उणीव गणितात नसून प्रश्नात असते. कारण गोळीची परिणामकारकता तिच्या आकारावर, ती किती खोल जाते यावर, आणि सर्वांहून अधिक ती कोठे लागते यावर ठरते, आणि यांपैकी तिसरी गोष्ट कोणत्याही तराजूत घालता येत नाही.

फिलिपाइन्समधील तक्रारींची दखल घेऊन अमेरिकन युद्धखात्याने १९०४ मध्ये दोन अधिकाऱ्यांचे मंडळ नेमले. शस्त्रखात्याचे जॉन थॉम्पसन, ज्यांचे नाव पुढे थॉम्पसन बंदुकीमुळे जगभर झाले, आणि वैद्यकखात्याचे मेजर लुई ला गार्ड, हे ते दोघे. शिकागोच्या कत्तलखान्यातील जिवंत गुरांवर आणि टांगलेल्या मानवी शवांवर .३० पासून .४७६ पर्यंतच्या निरनिराळ्या बोअरांच्या गोळ्या झाडून त्यांनी परिणाम टिपले. हे प्रयोग वाचताना मन विषण्ण होते. शिवाय प्रयोगांची संख्या थोडी, परिस्थिती दर वेळी निराळी, आणि निष्कर्ष मात्र ठाम, म्हणून पुढील अभ्यासकांनी त्यांच्या शास्त्रीयतेवर आक्षेपही घेतले. मंडळाने निर्णय दिला की, लष्करी पिस्तूल वा रिव्हॉल्वरची गोळी .४५ पेक्षा लहान नसावी. हा निर्णय प्रसिद्ध आहे, आणि १९११ मध्ये स्वीकारलेल्या २३० ग्रेनांच्या गोळीच्या .४५ पिस्तुलापर्यंतची वाट त्यातूनच निघाली.

परंतु त्याच अहवालात मंडळाने दुसरीही एक गोष्ट बजावली होती, आणि तिची आठवण फार थोड्यांना आहे. मानवी शरीराचा बहुतेक भाग असा आहे की तेथे लागलेली कोणतीही गोळी माणसाला तत्क्षणी थांबवील अशी आशा धरता येत नाही. म्हणून रिव्हॉल्वर बाळगणाऱ्या शिपायांकडून अचूक नेमाचा सराव अविश्रांत करून घेतला पाहिजे, असे त्या दोघांनी लिहून ठेवले. पहिल्या वाक्याने काडतुसाचा बोअर ठरविला, दुसऱ्याने त्या बोअरची मर्यादा सांगितली. लोकांनी पहिले वाक्य उचलले, कारण ते बाजारात विकत घेता येते; दुसऱ्याची किंमत घामाने द्यावी लागते.

इंग्रजांच्या फौजेत हा प्रश्न निराळ्या दिशेने गेला, आणि त्या दिशेवर हिंदुस्थानचे नाव कायमचे कोरले गेले. १८८७ मध्ये स्वीकारलेल्या वेब्ली रिव्हॉल्वरसाठी इंग्रजांनी .४५५ बोअरचे काडतूस पसंत केले होते. काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आल्यावर पितळी नळीतील बरीचशी जागा रिकामी राहू लागली, तेव्हा १८९७ च्या दुसऱ्या नमुन्यात ती नळी आखूड करण्यात आली. जड गोळी कायम होती, पण तिचे टोक गोलसर असल्यामुळे ती सरळ आरपार जाते आणि लढवय्याला थांबवीत नाही, अशी ओरड येथेही होतीच. त्यावर उपाय म्हणून १८९८ मध्ये तिसरा नमुना निघाला : २१८ ग्रेनांची, दंडगोल आकाराची, दोन्ही टोकांना वाटीसारखी पोकळ गोळी. शरीरात शिरताच तिचे तोंड फुलावे आणि जखम रुंद व्हावी, असा तिचा हेतू होता. ‘माणूस थांबविणारी’ हेच तिचे नाव पडले.

याच सुमारास कलकत्त्याजवळील डमडम येथील सरकारी कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने रायफलीची टोकाशी उघडे शिसे ठेवलेली गोळी तयार केली होती. फुलणाऱ्या गोळ्या मग साऱ्या युरोपात ‘डमडम’ या नावाने कुप्रसिद्ध झाल्या, आणि बंगालमधील एका छावणीचे नाव क्रूरतेचा पर्याय म्हणून जगाच्या भाषांत जाऊन बसले. २९ जुलै १८९९ रोजी हेग येथील परिषदेत शरीरात सहज फुलणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात न वापरण्याची घोषणा झाली. इंग्लंडने तेव्हा तिच्यावर सही केली नाही; १९०७ मध्ये ते राष्ट्र तिच्यात सामील झाले; तथापि लोकमताचा दाब एवढा होता की रिव्हॉल्वरची ती पोकळ गोळी त्याआधीच फौजेतून मागे घेण्यात आली. पुढे १९१२ मध्ये चपट्या तोंडाची २२० ग्रेनांची गोळी पुन्हा आणली गेली, परंतु १९१४ मध्ये महायुद्ध पेटताच तीही हेगच्या मर्यादेत बसेल की नाही या शंकेने बाजूला पडली, आणि इंग्रज अधिकारी खंदकांत उतरला तो १८९७ ची जुनी, गोलसर टोकाची, जवळजवळ दीड तोळ्याची गोळी घेऊन. सतरा वर्षांच्या शोधाशोधीनंतर निवड मूळपदावर आली ती शास्त्राच्या निर्णयाने नव्हे, तर शत्रूच्याही देहाला काही हक्क आहे या जाणिवेने. काडतुसाच्या इतिहासातील हे पान मला विशेष मोलाचे वाटते.

राज्यकर्त्यांच्या भीतीनेही काडतुसांची निवड वळविली आहे, आणि त्याचेही ठळक उदाहरण आपल्याच देशातील आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या दारूगोळ्याची आयात बंद केली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोअरच्या असल्यामुळे शिकारीच्या नावाने आलेल्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील, ही सरकारची धास्ती होती. परिणाम असा झाला की, वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी रायफली बनविणाऱ्या विलायती कारखानदारांनी घाईघाईने .४६५, .४७०, .४७५ असे नवे बोअर काढले. शिकाऱ्याच्या हाती पडणारे काडतूस निसर्गाच्या गरजेने ठरते असे आपण समजतो. येथे ते सरकारी हुकुमाने ठरले. स्वतंत्र भारतातही १९५९ च्या शस्त्र कायद्याने बोअरांची निषिद्ध आणि अनिषिद्ध अशी वाटणी कायम ठेवली आहे, आणि परवानाधारकाची निवड त्या चौकटीतच होते. आपल्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना असूनही मोठ्या बोअरचे रिव्हॉल्वर मराठी माणसाने बहुधा चित्रपटातच पाहिलेले असते, याचे कारण या राजवटींच्या धोरणात आहे.

आता या घराण्यातील सर्वांत जहाल शाखेकडे वळू. रशियाच्या झारशाहीने १८७१ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनकडून रिव्हॉल्वरे घेताना एक बारीक पण दूरगामी अट घातली : गोळी पितळी नळीच्या आत बसली पाहिजे, म्हणजे तिला लावलेली चरबी उघडी राहून धूळ धरणार नाही. गोळी आत गेल्यामुळे तिचा व्यास घटला, आणि नावाने .४४ असलेली गोळी प्रत्यक्षात .४२९ इंचांची झाली; काडतुसाच्या नावातील आकडा आणि पट्टीवरचा आकडा नेहमी जुळतोच असे नाही, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवावे. या रशियन काडतुसाची नळी लांबवून १९०७ मध्ये .४४ स्पेशल निघाले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात वाढलेला एल्मर कीथ नावाचा गुराखी आणि लेखक या काडतुसात स्वतःच्या हाताने अधिकाधिक जोर भरून वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिला. चपटे तोंड आणि धारदार खांदा असलेली सुमारे २५० ग्रेनांची ओतीव गोळीही त्याने तयार करविली. त्याच्या आग्रहातून अखेर १९५६ मध्ये .४४ मॅग्नम बाजारात आले : २४० ग्रेनांची, म्हणजे सोळा माशांची गोळी, सेकंदाला सुमारे ४२५ मीटर, ऊर्जा १४०० जूलांच्या घरात, .३८ च्या पाचपटीहून अधिक. या काडतुसाची नळी इंचाच्या सुमारे अष्टमांशाने मुद्दाम लांब ठेवली, ती एवढ्याचसाठी की ते चुकूनही जुन्या .४४ स्पेशलच्या चक्रात पूर्ण बसू नये आणि वॉकरच्या काळातला अनर्थ पुन्हा घडू नये. उलट मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये स्पेशलचे सौम्य काडतूस खुशाल चालते, आणि सरावासाठी जाणकार तेच वापरतात.

मॅग्नमसारख्या काडतुसाचे खरे क्षेत्र माणसांच्या वस्तीबाहेर आहे. अलास्कातील नद्यांच्या काठी मासेमारी करणाऱ्याला कधी तपकिरी अस्वलाशी गाठ पडते, आणि अशा प्राण्याच्या जाड चरबीतून, स्नायूंतून व हाडांतून मर्मापर्यंत गोळी पोचली नाही तर ती माणसाच्या व जनावराच्या दोघांच्याही यातना वाढविते. तेथे फुलणारी गोळी निरुपयोगी, कारण ती वरच्या थरातच फुलून थांबण्याचा धोका असतो. तेथे हवी शिशात कथिल व अँटिमनीचा मेळ घालून कठीण केलेली, चपट्या तोंडाची, जड आणि खोल जाणारी गोळी. तीच गोळी दाट वस्तीत मात्र घोर अपराध ठरेल, कारण लक्ष्य भेदून ती पलीकडच्या भिंतीत आणि भिंतीपलीकडच्या माणसातही जाईल. काम बदलले की गुणाचा दोष होतो. म्हणून निरपेक्षपणे उत्तम असे काडतूस अस्तित्वात नाही.

शेवटी हाताचा प्रश्न. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गोळीला जेवढा संवेग पुढे मिळतो तेवढाच हत्याराला मागे मिळतो. मॅग्नमच्या एका बाराने सव्वा-दीड किलोचे रिव्हॉल्वर सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने तळहाताकडे उसळते, आणि नळी मनगटाच्या वर असल्यामुळे ते उसळताना वरही उचलले जाते. यातून एक विलक्षण गोष्ट घडते. गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच नळी वर उचलू लागलेली असते. जड व मंद गोळी नळीत अधिक वेळ रेंगाळते, म्हणून ती लक्ष्यावर उंच लागते, आणि हलकी व वेगवान गोळी त्याच नेमाने खाली लागते. तेव्हा पक्क्या नेमाच्या खुणा असलेले रिव्हॉल्वर हे एका विशिष्ट वजनाच्या व वेगाच्या गोळीसाठीच बेतलेले असते. काडतूस बदलले की नेमही बदलतो. दुसरे असे की, एक बार उडताच चक्रातील उरलेल्या काडतुसांना मागे हिसका बसतो, आणि गाडी एकदम सुटली म्हणजे उभा उतारू जसा जागच्या जागी राहून मागे पडल्यासारखा होतो, तशी गोळी आपल्या जडत्वाने जागीच राहू पाहते आणि पितळी नळी तिच्यापासून मागे सरकते. हे पुन्हा पुन्हा घडले तर गोळी चक्राबाहेर डोकावते आणि चक्र फिरणेच थांबते. म्हणून जहाल काडतुसात पितळी नळीची कड आत वळवून गोळी घट्ट आवळलेली असली पाहिजे. जुने हत्यार असेल तर आणखी सावधगिरी हवी. काळ्या दारूच्या काळातील कोल्टची चक्रे नव्या दारूचा दाब सोसतील अशी हमी कंपनीने १९०० पासूनच्या हत्यारांना दिली, त्यापूर्वीच्यांना नव्हे.

परंतु यंत्राहूनही नाजूक असते ते मन. जबर धक्का व कानठळ्या बसविणारा आवाज यांची भीती एकदा हातात शिरली की चाप ओढण्याच्या क्षणीच मनगट आक्रसते, नळी खाली झुकते आणि बार चुकतो. हे गोळी सुटण्याआधी घडते, म्हणून जोर वाढवून ते सुधारत नाही, उलट वाढते. २००३ मध्ये .५०० बोअरचे, मॅग्नमलाही मागे टाकणारे रिव्हॉल्वर काडतूस निघाले. ते समर्थपणे हाताळणारे लोक आहेत आणि त्यांच्या मेहनतीला मान दिला पाहिजे, पण त्यांनी ते सामर्थ्य सौम्य काडतुसांपासून एकेक पायरी चढत मिळविलेले असते. म्हणून निवडीचा क्रम मी असा लावीन : हत्यार जे निर्धोकपणे सोसते आणि कायदा ज्याला अनुमती देतो, त्यांतून कामाला पुरेसे असेल ते वेगळे काढावे, आणि उरलेल्यांतून ज्याचा सहावा बारही पहिल्याइतक्याच शांतपणे, ठरल्या जागी पडतो, तेच पसंत करावे, मग त्याचा आकडा कोष्टकात कितीही खालचा असो.

शिकागोच्या त्या दोन अधिकाऱ्यांनी हेच सांगितले होते. त्यांच्या पहिल्या वाक्याने गोळीचा बोअर ठरला, आणि त्या बोअरची हत्यारे व काडतुसे शंभर वर्षांहून अधिक काळ दुकानांच्या फळ्यांवर मांडली गेली. दुसरे वाक्य कोणत्याही फळीवर मांडता आले नाही. ते ज्याचे त्याने नेमबाजीच्या मैदानावर, रोज थोडे थोडे, स्वतःच्या मनगटात उतरवून घ्यावे लागते. दीड तोळा शिसे कोणीही तोलून देऊ शकतो. ते कोठे पडावे, आणि मुळात पडावे की नाही, याचा निर्णय तोलणारा तराजू मात्र हत्यार धरणाऱ्याच्याच अंतःकरणात असावा लागतो.